सेटिंग पीस

काय करतेस, असं कुणी विचारलं
तर मी सांगते, अंबडला सेटिंगला आहे.
मग समोरचा थोडा हसतो.
पुरुष असला तर मिशीतल्या मिशीत,
बाई असली तर दुसरीकडे बघून.

मी म्हणते, सीएनसीची हो.
लेथ. चक. जॉ. टूल.
शून्य कुठे आहे ते यंत्राला दाखवायचं,
पहिला पीस काढायचा, मायक्रोमीटर लावायचा,
चुकलं असेल तेवढं वजा करायचं.
तोवर त्यांचं हसून झालेलं असतं.

आयटीआयच्या पुस्तकात हा शब्द सरळ होता,
इस्त्री केलेला, वरचं बटण लावलेला.
नाशकात शिरला
आणि जो बोलावेल त्याच्याकडे जेवायला बसला.

पेठ रोडला आरटीओबाहेरचा इसम
कागद न बघताच म्हणतो,
टेन्शन नका घेऊ ताई, आतमध्ये सेटिंग आहे आपली.
कॉलेज रोडला माझ्या चुलतभावाला, ऋग्वेदला,
मित्रांनी दुरून एक पिवळी स्कूटी दाखवली,
ती बघ, भावा, तुझी सेटिंग.
(स्कूटीवालीला हे अजून माहीत नाही.
ऋग्वेदने तेवढ्यावर महिनाभर केसांना जेल लावलं.)
सराफ बाजारात डोळ्याला भिंग लावून
बागूलकाका आईच्या कुडीतला मोती हलवून बघतात,
सेटिंग सैल झालीय वहिनी, पडेल एखाद्या दिवशी.
आणि तीच आई, फोन अडला की,
सेटिंगमध्ये जाऊन बघ गं,
जणू सेटिंग म्हणजे आमचा माळा,
हरवलेलं सगळं तिथेच असणार.

परवा सेकंड शिफ्टच्या चहाला
कॅन्टीनच्या पत्र्याच्या पलीकडून ऐकलं:
गांगुर्डेला सेटिंगला कशी काय घेतली रे?
अरे, सेटिंगच आहे तिची.

लागोपाठ दोनदा.
पहिल्याला ग्रीसचा वास,
दुसऱ्याला लाळेचा.

मी कप धुतला. जरा जास्तच वेळ धुतला.
जाऊन सांगणार काय?
तीन वर्षं ऑपरेटर होते,
पाळी असो, पाऊस असो, नाइट सोडली नाही,
घरी ओट्याशी उभी राहून ऑफसेट पाठ केले,
खैरनार साहेबांनी सतरा वेळा झापलं
आणि एकदाच म्हणाले, बरं जमलंय.
एवढीच माझी सेटिंग.

रात्री मोहाडीहून मामाचा फोन.
डिसेंबरची थंडी, मामा बागेतूनच बोलत होता,
आवाज दबका, वेलींची झोप मोडू नये असा.
फुलोरा उरकला म्हणाला.
झडायचं ते झडलं,
पण यंदा सेटिंग छान आहे,
मणी बाजरीएवढे झालेत.

कुणी केली सेटिंग, मामा?
हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.
तो थांबला. मग म्हणाला,
येडी का तू. ती करत नसतात.
होते.
आपण आपलं बघत बसायचं.

आज नवा जॉब लागला.
पहिला पीस कोणत्याच बिलात धरत नाहीत,
त्यावर चूक मोजायची
आणि त्याला लाल पेटीत टाकायचं.
मी मात्र तो क्षणभर हातात धरते,
कूलंटने ओला, अजून कोमट.

खिशात फोन थरथरतो. आईचा मेसेज:
म्हसरूळचं स्थळ आलंय, मुलगा सेट आहे,
तू कधी होणार?

मायक्रोमीटर सांगतो, दोन शतांश जास्त.
मी दोन शतांश वजा करते,
दार ओढून घेते,
हिरवं बटण.